घरचा इंच

मशीन थांबलं आणि काटासाहेबांची दुपारची झोप उडाली.

मशीन म्हणजे बायकोचं शिलाई मशीन. त्यात बिघाड काहीच नव्हता. तेलपाणी वेळच्या वेळी होत होतं, पट्टा नवाकोरा होता. बिघडले होते ते बायकोचे, म्हणजे गल्लीच्या शिवणकाकूंचे, गुडघे. मागच्या खोलीत फरशीवर कापड पसरायचं, गुडघ्यांवर बसून खडूने आखायचं आणि सरकत सरकत बेतायचं, असं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. मग गुडघ्यांनी एकदाचा संप पुकारला. डॉक्टरांनी हाडांचे फोटो उजेडासमोर धरले आणि सांगितलं, "जमिनीवर बसणं बंद. आजपासून."

"मग कापड कुठे बेतू? डोक्यावर?" काकूंनी विचारलं.

याचं औषध डॉक्टरांकडे नव्हतं. घरातलं जेवणाचं टेबल गोल आणि एवढंसं. पलंग मऊ आणि बुटका, त्यावर वाकलं की कंबर धरायची. दोन महिने झाले, काकूंनी नवं कापड हातात घेतलं नव्हतं. आलेल्या गिऱ्हाइकाला त्या दारातूनच 'सध्या नाही हो' म्हणून परत पाठवत. भाचीने मध्ये लाडीगोडी लावत विचारलंही होतं, "मावशी, मशीन नुसतं पडून आहे, तर मला देतेस?" आणि काकू म्हणाल्या होत्या, "बघू."

ते 'बघू' काटासाहेबांना खटकलं. बायकोच्या तोंडी 'नाही' आलं की ते खरं नाही मानायचं, हे त्यांना ठाऊक होतं. 'बघू' मात्र धोक्याचं होतं.

काटासाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की आतल्या शेवटच्या दुकानातल्या तराजूचा काटासुद्धा ताठ उभा राहतो, असं लोक म्हणायचे, आणि त्यावरून हे नाव पडलं. बोलायचे पाठीमागे, पण साहेबांना ते कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतः तपासल्याशिवाय एकाही मापाखाली सही केली नव्हती. याचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

नोकरी संपली तेव्हा 'आता वेळ कसा जाणार' म्हणून सगळ्यांनी काळजी केली. साहेबांनी अजिबात केली नाही. त्यांच्याकडे दुपार होती. जेवण झालं की ते पुढच्या खोलीतल्या खाटेवर आडवे व्हायचे आणि मागच्या खोलीतून मशीनचा आवाज सुरू व्हायचा. लांब शिवण आली की एकसुरी घरघर, कोपरा आला की थबकणं, मग दोरा तोडण्यापुरती शांतता. त्या शांततेत साहेब तरंगत असायचे, पाण्यावर पडलेल्या पानासारखे, आणि मशीन पुन्हा सुरू झालं की हळूहळू खाली जायचे. बाहीच्या वळणाशी डोळा लागायचा आणि कॉलर लागेपर्यंत ते घोरत असायचे.

आता घरात आवाज होते, पण ते नको तेच. नळ ठिबकायचा. शेजारच्यांचं घड्याळ भिंतीपलीकडून ऐकू यायचं. साहेब छताकडे बघत पडून राहायचे, आणि मागच्या खोलीत काकू खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघत असायच्या. दोघंही जागी आणि दोघंही एकमेकांना झोपलेलं समजत.

अशाच एका दुपारी अर्धवट ग्लानीत साहेबांना टेबल दिसलं. मागच्या खोलीत, खिडकीखाली उभं. फिकट रंगाचं, उंच, साधं. वर कापड पसरलेलं, एका बाजूने खाली ओघळत चाललेलं, आणि काकू सरळ उभ्या राहून कात्री चालवताहेत. कापडाचा रंग काय होता ते त्यांना नंतर कितीही आठवून आठवेना. पण लाकडाचा वास आला होता, एवढं नक्की. ते उठून तसेच मागच्या खोलीत गेले.

"मी तुला टेबल करून देतो," ते म्हणाले.

"कोण? तुम्ही?" काकूंनी खिडकीवरची नजर काढून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अहो, तुम्हाला एक खिळा ठोकायला सांगितला तर भिंतीचं प्लास्टर पडलं होतं. तिथे अजून कॅलेंडर लावून झाकलंय."

"विकत मिळतात ती सगळी जेवायची टेबलं. तुझ्या उंचीचं कुणी करत नाही. मी करतो."

काकूंनी पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. पण 'बघू' म्हणाल्या नाहीत, एवढ्यावर साहेब खूश झाले.

त्यांनी वाचनालयातून घरच्या घरी लाकूडकाम शिकवणारं एक पातळ पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर पांढरा शुभ्र शर्ट घातलेला एक माणूस करवत हातात घेऊन हसत होता आणि त्याच्या अंगावर भुशाचा कणही नव्हता. साहेबांना तो माणूस पहिल्या दिवसापासून खोटारडा वाटला. सरावासाठी त्यांनी आधी एक स्टूल केलं. ते स्टूल बसलं की कुरकुरायचं, उठलं की कुरकुरायचं, आणि कुणी नसताना मध्येच एकदा आपणहून कुरकुरायचं. काकूंनी ते कुंडी ठेवायला घेतलं. कुंडीने तक्रार केली नाही.

करवत म्हणजे तर वैताग होता. पेन्सिलीची रेघ सरळ, पण करवत निघायची आपल्या माहेरी. शेवटी वखारवाल्यालाच दया आली. या वखारवाल्याची मापाची काठी साहेबांनी दर वर्षी तपासलेली, त्यामुळे अजूनही साहेब वखारीत शिरले की तो उभाच राहायचा.

"साहेब, रागावू नका, पण तुम्ही तिला ढकलताय," तो म्हणाला. "ढकलायचं नाही. नुसतं पुढे-मागे करायचं. ती जाते आपली आपण."

साहेबांनी आयुष्यात कुणालाही आपली आपण जाऊ दिलं नव्हतं. पण त्यांनी हात सैल सोडला, आणि खरंच करवत रेघेवरून सरळ उतरत गेली. भुसा त्यांच्या चपलेवर पडला, उबदार. ते बराच वेळ त्या भुशाकडे बघत उभे राहिले.

मग ते दिवस सुरू झाले. मागच्या अंगणात दोन खोक्यांवर फळी टेकवून साहेब काम करायचे. सकाळी सुरू करावं आणि मान वर करावी तर उन्हाची तिरीप भिंतीवरून पार खाली आलेली असायची. मधला वेळ गेला कुठे, ते कळायचं नाही. रंधा मारला की लाकडाची पातळ साल गोल गोल वळून पडायची आणि त्यातून ऊन दिसायचं. साहेब ती साल उचलून डोळ्यासमोर धरायचे आणि सगळं अंगण मधाच्या रंगाचं व्हायचं. एकतीस वर्षं आपण जगाने केलेल्या वस्तू मोजल्या, स्वतः मात्र एकही केली नाही, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा जाणवलं. वाईट वाटलं. पण हातात लाकूड होतं, त्यामुळे ते वाईट वाटणं फार वेळ टिकलं नाही.

काकूही हळूहळू अंगणात खुर्ची आणून बसायला लागल्या. आधी नुसत्या बघायच्या, मग सूचना करायला लागल्या, मग चुका काढायला. साहेबांना हे तब्येत सुधारल्याचं लक्षण वाटलं.

उंचीचं माप घेतलं तो दिवस साहेबांच्या चांगला लक्षात राहिला. काकू खिडकीपाशी उभ्या राहिल्या, कोपर वाकवला, आणि कोपराच्या चार बोटं खाली हात धरून म्हणाल्या, "इथपर्यंत. एक केस वर नाही, एक केस खाली नाही. वर झालं तर खांदे भरून येतात, खाली झालं तर कंबर जाते." गळ्यातली टेप त्यांनी काढली. ती कापडी टेप त्यांना शिवणाच्या वर्गातल्या बाईंनी शेवटच्या दिवशी दिली होती. पिवळट पडलेली, मऊ, पहिले दहा आकडे बोटांनी पुसून गेलेले. सकाळी उठल्यापासून ती त्यांच्या गळ्यात असायची. काकूंना वाकता येत नव्हतं म्हणून साहेबांनी तिचं टोक जमिनीवर दाबून धरलं, आणि काकूंनी वर ताणून वाचलं.

"छत्तीस."

साहेबांनी चिठ्ठीवर 'उंची ३६' लिहिलं आणि नोकरीतल्या सवयीने खाली सही ठोकली. काकू हसल्या. मशीन थांबल्यापासून पहिल्यांदा.

पाय आखायचे होते चार. साहेबांनी आपली पोलादी टेप काढून दोन आखले. तिसऱ्याला हात घातला तर काकू म्हणाल्या, "द्या की इकडे. मला काय छत्तीस मोजता येत नाही?" त्यांनी उरलेले दोन मांडीवर घेतले, गळ्यातली टेप लावली आणि खडूने सुबक रेघ मारली. साहेबांनी चारही पाय रेघेबरहुकूम कापले. आपले दोन त्यांनी आडव्या पट्टीने एकमेकांना जोडले, ती झाली एक बाजू. काकूंच्या दोघांची झाली दुसरी. उभ्या बाजारात एकाही माणसाचं माप त्यांनी न तपासता सोडलं नव्हतं. बायकोचं तपासावं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

टेबल उभं राहिलं तेव्हा दुपार होती. दोघांनी मिळून ते खिडकीखाली लावलं. अगदी स्वप्नातल्यासारखं, फिकट आणि उंच. काकूंनी त्यावरून हात फिरवला, मग खिशातला खडू काढून वर ठेवला.

खडू घरंगळत गेला आणि टप्पकन खाली पडला.

साहेबांनी उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण छत्तीसचा आकडा कधी आला नव्हता, तो आज असा टेबलाच्या पायांत येऊन बसला. साहेबांनी टेबल फिरवून ठेवलं. उतारही टेबलाबरोबर फिरला. म्हणजे फरशी निर्दोष होती. त्यांनी पोलादी टेप काढली आणि फरशीवर बसून चारही पाय मोजले. छत्तीस, छत्तीस. सदतीस, सदतीस.

"तुझे दोन्ही एक इंचाने चुकलेत," ते खालूनच म्हणाले.

"माझे?"

"एक इंच! अगं, एका इंचासाठी मी लोकांची दुकानं बंद केली आहेत."

ते बोलले गमतीत. निदान त्यांना तसं वाटलं. पण इतक्या वर्षांचा निरीक्षक गमतीत बोलला तरी तो निकालासारखाच वाटतो. काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंनी स्वतःची टेप काढून पायाला लावलीसुद्धा नाही. हा माणूस मापात चुकत नाही, एवढं त्या लग्नापासून धरून चालल्या होत्या.

"चुकलं असेल," त्या म्हणाल्या. खडू उचलायला वाकल्या, वाकता आलं नाही, तशाच सरळ झाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने फोनवर बोलल्याचं साहेबांच्या कानावर आलं. "हो गं. रविवारी ये. घेऊन जा. नाही, आता नको मला. गुडघे गेले तोवर ठीक होतं, आता हातही गेला."

साहेब फरशीवर बसून राहिले. टेबलाखालून त्यांना फक्त खोलीचा खालचा भाग दिसत होता: मशीनचं पायडल, कापडाच्या चिंध्यांची टोपली, खिडकीतल्या उन्हाचा एक चौकोन. ते पायडल रविवारी इथे नसणार, हे त्यांना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी डोळे मिटून घेतले.

शुक्रवार असाच गेला. काकूंनी टेप गळ्यातून काढून मशीनच्या खणात ठेवली होती. त्यांचा गळा मोकळा दिसत होता, आणि तो बघणं साहेबांच्या जिवावर येत होतं.

शनिवारी सकाळी काकू डॉक्टरांकडे गेल्या. साहेबांनी ठरवलं, निदान टेबल तरी सरळ करून टाकू. काकूंचे दोन पाय इंचभर कापायचे, की झालं. पोलादी टेप अंगणात राहिली होती. तेवढ्यासाठी कोण उठतो म्हणून त्यांनी खणातली कापडी टेप काढली आणि काकूंच्या पायाला वरपासून लावली. छत्तीसच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि खूण करायला पेन्सिल टेकवली, तर पेन्सिल हवेत. पाय संपला होता. छत्तीसला छत्तीस. कापायला काही उरलंच नव्हतं.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग स्वतःचा पाय मोजला. पस्तीस.

साहेब धावत अंगणात गेले. या वयात धावण्यासारखं काही नव्हतं, पण ते धावले. दोन्ही टेपा त्यांनी फळीवर शेजारी शेजारी पसरल्या, टोकाला टोक लावून. दहापर्यंत दोघी जवळजवळ बरोबर चालल्या. वीसला कापडी टेप अर्धा इंच पुढे निघून गेली होती. छत्तीसला एक इंच. साठ आकडे संपले तिथे पोलादी टेप पावणेदोन इंच मागे राहिली होती.

गळ्यात अडकवून, ओढून, ताणून, बोटाभोवती गुंडाळून ती टेप वाढली होती. घरात मूल वाढतं तशी, कुणाच्या लक्षात न येता. आणि ज्याच्या धाकाने बाजार चळचळा कापायचा, तो माणूस रोज तिच्याकडे बघत चहा पीत होता.

साहेबांनी कपाळाला हात लावला. ते खाटेवर जाऊन आडवे झाले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा डोळा लागला.

गल्लीतून रांग लागलेली. संपतच नाही अशी. सगळे काकूंनी शिवलेले कपडे घालून आलेले. शाळेचे गणवेश, कोट, शर्ट, झगे, एका म्हातारीच्या अंगावर तर मागच्या खोलीचा जुना पडदाच, नीट बाह्या लावलेला. साहेब पोलादी टेप घेऊन एकेकाला मोजताहेत, आणि काकूंच्या वहीतल्या मापाशी ताडून बघताहेत. प्रत्येकाचं चुकलेलं. खांदा चुकला, बाही चुकली, कंबर चुकली. साहेब लाल पेन्सिल उचलतात आणि विचारतात, "कुठे घट्ट होतंय? कुठे ढगळ होतंय?" माणूस हात वर करतो, हात खाली करतो, गोल फिरतो. "नाही हो. छान बसलाय." पुढचा येतो. "छान बसलाय." पुढची येते. लाल पेन्सिल नुसतीच हवेत. आणि रांगेच्या शेवटी कुठेतरी मशीन चाललेलं, लांब शिवणीवर, घरघर घरघर...

कोपऱ्याशी थबकावं तसं ते थांबलं आणि साहेब जागे झाले. घर शांत होतं. पण आता ते छताकडे बघत पडून राहिले नाहीत. माणूस ज्या टेपने मोजला, त्याच टेपने कापड मोजलं, तर चुकणार कुठून? बाहेरच्या जगाचा इंच वेगळा होता. या घराचा वेगळा होता, थोडा मोठा. एवढंच.

तेवढ्यात त्यांना आणखी एक गोष्ट आठवली, आणि त्यांचे कान गरम झाले.

कोपऱ्यावरचा कापडवाला. खूप वर्षांपूर्वी काकू सारख्या तक्रार करायच्या, की त्याच्याकडचं कापड दर वेळी चार बोटं कमी भरतं. साहेबांनी त्याच्यावर तीनदा धाड घातली होती. तीनदा त्याचा गज तपासला होता, तीनदा तो अचूक निघाला होता, आणि तिन्ही वेळा साहेब 'या खेपेला सुटलास' अशा नजरेने बाहेर पडले होते. पुढे काकूंची तक्रार आपोआप थांबली. आपल्या धाकाने माणूस सुधारला, असं साहेब चारचौघांत सांगायचे.

ते दुकानात गेले. कापडवाला आता पिकून पांढरा झाला होता. साहेबांना बघून त्याने सवयीने गज पुढे केला.

"नको, नको," साहेब म्हणाले. "शर्टाचं कापड हवंय. आणि... तुमचं माप बरोबर होतं. तिन्ही वेळा. आमच्या घरची टेप वाढलेली आहे."

कापडवाल्याने निळं कापड उलगडलं. उलगडता उलगडता तो म्हणाला, "माहीत आहे, साहेब."

"माहीत आहे? कधीपासून?"

"तिसऱ्या धाडीपासून. माझा गज खरा, वहिनींची तक्रार पण खरी. मग राहिलं काय? टेपच." त्याने कापड मोजलं, आणि मोजून झाल्यावर आणखी चार बोटं पुढे सरकवून कात्री लावली. "तेव्हापासून वहिनींकडे शिवायला जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एवढं जास्त देतो. उगाच त्यांचं कापड कमी पडायला नको. हात सोन्याचा आहे त्यांचा."

साहेबांनी पैसे पुढे केले. एकतीस वर्षं ज्यांच्यावर नजर ठेवली, त्यातला एक माणूस उलट त्यांचंच घर सांभाळत होता. त्यांनी कापड काखेत मारलं आणि दुकानाबाहेर आल्यावर डोळे पुसले. मग वखारीत जाऊन दोन पायांचं लाकूड घेतलं.

चूक त्यांच्या लक्षात आली होती. काकूंनी आपली उंची आपल्या टेपेने मोजली होती. त्या अंगाला हवं होतं ते छत्तीस कापडी टेपेचं. म्हणजे काकूंचे पाय बरोबर होते. कमी पडले होते ते साहेबांचे. सरकारी शिक्क्याच्या पोलादी टेपेने मोजलेले, अचूक, आणि त्या टेबलासाठी साफ चुकीचे.

रविवारी सकाळी, ऊन अंगणात उतरायच्या आत, साहेबांनी ते दोन अचूक पाय काढून टाकले. नवीन लाकूड फळीवर घेतलं, कापडी टेप लावली आणि जगातल्या कुठल्याही इंचाशी न जुळणाऱ्या छत्तीसवर पेन्सिलीने रेघ मारली. जाणूनबुजून असं माप त्यांनी उभ्या आयुष्यात घेतलं नव्हतं. मग करवत रेघेवर ठेवली आणि तिला आपली आपण जाऊ दिली.

काकू मागच्या खोलीत आल्या त्या मशीनवरची धूळ पुसायला. भाची दुपारी येणार होती. टेबल खिडकीखाली उभं होतं. साहेब त्याच्या शेजारी, भुशाने माखलेले, पेन्सिल कानावर.

"खडू ठेव," ते म्हणाले.

"कशाला आता?"

"ठेव तर खरं."

काकूंनी खडू ठेवला. तो तिथेच राहिला. त्या पुढे झाल्या, कोपर वाकवला, हात टेबलावर टेकले. खांदे वर उचलले गेले नाहीत, कंबर वाकली नाही.

"माझे दोन कापून घेतलेत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. माझे टाकून दिले. तुझे बरोबर होते." साहेबांनी दोन्ही टेपा टेबलावर पसरल्या आणि बाजूला झाले. "तुझा हात चुकला नाही. टेप वाढलीय. मी बघितलं नाही आणि निकाल देऊन मोकळा झालो. माझं चुकलं."

काकूंनी टेपा पाहिल्या. बोट आकड्यांवरून सरकत गेलं, दहा, वीस, छत्तीस, आणि टोकाशी थांबलं. त्यांचा चेहरा उतरला. साहेबांना नेमकी हीच भीती होती.

"म्हणजे अठ्ठावीस वर्षं..." त्या म्हणाल्या. "अहो, अठ्ठावीस वर्षं मी सगळ्यांचं चुकीचंच..."

"किती कपडे परत आले?"

"काय?"

"अठ्ठावीस वर्षांत. बसत नाही म्हणून किती परत आले?"

काकूंनी आठवून पाहिलं. "एक. त्या बँकेतल्या साहेबांचा कोट. पण ते माप दिल्यापासून कोट न्यायला येईपर्यंत बारा किलोने वाढले होते."

"त्याला टेप काय करणार?"

काकूंच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. "तरी नवीन आणायला हवी. सरकारी, खरी. नाही का? तुम्हीच सांगा. तुम्ही निरीक्षक."

साहेबांनी कपाटावरून मापांची जाडजूड वही काढली. गल्लीतल्या प्रत्येकाचा खांदा, गळा, बाही, कंबर त्यात होती. पाळण्यातून शाळेत आणि शाळेतून नोकरीला गेलेल्यांची पानंच्या पानं. "नवीन टेप आणलीस, की ही सगळी माणसं एका दिवसात चुकीची होतील," ते म्हणाले. "मला नाही चालणार."

आता निर्णय काकूंचा होता, आणि साहेबांना तो काढून घेता येत नव्हता. त्यांनी फक्त निळं कापड टेबलावर ठेवलं. काकूंनी ते उलगडलं, बोटांत चिमटीत धरून पाहिलं. कापड टेबलाच्या कडेवरून खाली ओघळलं आणि साहेबांना वाटलं, हाच तो रंग होता, त्या दुपारी न आठवलेला.

काकूंनी कापडी टेप उचलली. क्षणभर ती हातात धरून त्या थांबल्या, मग गळ्यात टाकली.

"भाचीला फोन करा. म्हणावं, जेवायला ये, पण मशीन मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "फोन नंतर. आधी हात वर करा."

साहेबांनी हात वर केले. टेप त्यांच्या छातीभोवती आली, मऊ, ओळखीची. काकूंनी आकड्यावर अंगठा ठेवला आणि एरवी त्या खणखणीत सांगायच्या तसं न सांगता, परीक्षेला बसल्यासारखं हळूच सांगितलं.

"अडतीस."

त्या साहेबांच्या तोंडाकडे बघत होत्या. साहेबांनी पहाटेच आरशासमोर उभं राहून पोलादी टेपेने स्वतःला मोजलं होतं. छाती एकोणचाळीस होती. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, वहीचं नवं पान उघडलं, ठळक अक्षरात 'छाती ३८' लिहिलं, आणि त्याखाली सही केली.